डोळे मिटून मी ओ दिली

मंडळी, हसू नका. आज मी संमोहन उपचाराला गेले होते.

वर्षभर छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, झोपेत दात करकरतात. सगळे रिपोर्ट नॉर्मल. वॉर्डातली मावशी म्हणाली, "सिस्टर, दुसऱ्याले जपता, सोताले काऊन जपत नाई? जाऊन तं पाहा."

मला वाटलं, डोळ्यासमोर काहीतरी हलवतील, मी बरळेन. तसलं काही नव्हतं. एक खुर्ची, पंखा आणि माझ्याच वयाच्या डॉक्टर. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

मी डोळे मिटले. त्या हळूच म्हणत होत्या, "शोभा, खांदे सैल सोडा. शोभा, जबडा सैल सोडा. शोभा..."

आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "ओ!"

लहानपणी आई अंगणातून ओरडायची, "शोभे, जेवाले ये वं!" तेव्हा द्यायचे ना, अगदी तशी. मग डोळे न उघडताच रडले.

दवाखान्यात मी सिस्टर. राहते त्या पिपरी मेघेत शेजाऱ्यांची काकू. फोनवर मुलाची आई. हे गेल्यापासून मला शोभा म्हणणारं कुणी उरलंच नाही.

डॉक्टरांनी सरावासाठी त्यांच्या आवाजाचं, माझं नाव घेऊन केलेलं रेकॉर्डिंग दिलंय. शांत पडून ऐकायचं. मी कुलूप उघडलं आणि चपला काढायच्या आधी तेच लावलं. आता कुकर लावतेय, ते चालूच आहे. खांदे तसेच आहेत, पण प्रत्येक हाकेला ओ देतेय.

कॉमेंटमध्ये "काळजी घ्या मॅडम" लिहू नका. नुसतं माझं नाव लिहा. मी ओ देईन.