घाट दोनदा चढणाऱ्या मामलेदारबाई

मामलेदारबाई प्रत्येक घाट दोनदा चढायच्या. एकदा स्वतःसाठी आणि एकदा सगळ्यांत मागे राहिलेल्या बाईसाठी. वर पोचल्या की बसायच्या नाहीत, पाणी प्यायच्या नाहीत. तिथल्या तिथे सायकल वळवून खाली निघायच्या आणि जी कोणी शेवटी धापा टाकत असेल, तिच्या शेजारून तिच्या वेगाने पुन्हा वर यायच्या. रविवारी सायकली काढून गडांच्या आणि लेण्यांच्या वाटेला लागणाऱ्या आमच्या बायकांच्या गटात या गोष्टीचं केवढं कौतुक होतं. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून खुपायचं, कारण मी कायम दुसरी असायचे.

दुसरी असण्यासारखं वाईट काही नाही. पहिलीला मान मिळतो, शेवटचीला सोबत मिळते आणि दुसरीला मिळतं पहिलीचं मागचं चाक. सिंहगडाचा घाट, पुरंदरचा रस्ता, ताम्हिणीची झाडी, जे काही मी पाहिलं ते त्या चाकाच्या मागून. मडगार्डवर एक लाल रिफ्लेक्टर होता, कोपऱ्यात टवका उडालेला. माझ्या नवऱ्याचा चेहरासुद्धा मी इतकी वर्षं इतक्या बारकाईने पाहिलेला नाही. आणि जीव काढून शेवटच्या वळणाला यावं, तर बाई वरून परत निघालेल्या असायच्या. माझ्या बाजूने जाताना न थांबता म्हणायच्या, "आलंच, मास्तरीणबाई." आलंच म्हणे. जसं काही मला दिसतच नव्हतं.

बाई तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे कुठला गड करायचा, वाटेत कुठलं लेणं बघायचं आणि कुठल्या जंगलातून परत यायचं, हे सगळं मी ठरवायचे. गडाच्या दारात उभं राहून माहितीही मीच सांगायचे. ऐकायचं मात्र कोणी नाही. निम्म्या बायका फोटो काढायच्या आणि उरलेल्यांचं लक्ष भज्यांच्या वासाकडे. एकदा लोहगडावर एकामागून एक वळत जाणारे ते दरवाजे असे का बांधले, हे मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. माझं झाल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या कचेरीसारखंच. माणूस आत पोचेपर्यंत त्याचा जोर संपला पाहिजे." सगळ्या खो खो हसल्या. आजही लोहगडाचा विषय निघाला की हेच वाक्य निघतं. मी काय सांगितलं होतं ते विचारा कोणाला.

लेण्यांत तर विचारूच नका. बाईंचे आजोबा बाबासाहेबांबरोबर बौद्ध झालेले, त्यामुळे भाजे लेण्याला यायची सवय त्यांना लहानपणापासूनची. चैत्याबाहेर बूट काढायच्या, स्तूपासमोर जरा वेळ बसायच्या आणि मग शेजारच्या विहारात जाऊन भिक्खूंच्या दगडी बाकावर टेकायच्या. एकदा तिथे बसल्या बसल्या म्हणाल्या, "हे पायी फिरणाऱ्या माणसांनी खोदलंय. दमल्यावर कुठे बसावंसं वाटेल हे त्यांना बरोबर ठाऊक होतं." कितीतरी सहली मी तिथे नेल्या, चैत्याच्या छताच्या लाकडी फासळ्यांवर परीक्षेत प्रश्न काढले, पण स्वतः तिथे घटकाभर बसावं असं मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी बाईंच्या शेजारी बसले. गार, छान वाटलं. आणि हेही यांनाच आधी सुचलं म्हणून डोकं पुन्हा तापलं.

शेवटची यायची ती शेखवहिनी. कसब्यात त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं कापडाचं दुकान. घाटात करवंदाची एक जाळी त्या सोडायच्या नाहीत आणि घाई म्हणून कधी करायच्या नाहीत. बाई त्यांना आणायला खाली गेल्या की मी वर एकटी, हातात पाण्याची बाटली धरून उभी. मग बऱ्याच वेळाने त्या दोघींचं हसणं आधी ऐकू यायचं आणि मागून त्या दिसायच्या.

"एवढं काय बोलत होतात?" मी एकदा विचारलंच.

"अहो, बाईंनी विचारलं, सुनेला काय काय आवडत नाही," शेखवहिनी म्हणाल्या. "सांगत सांगत आले, तर घाटच संपला. सुनेचं अजून राहिलंय."

मला हसू आलं नाही. आधी मी बाईंवर जळायचे, आता शेखवहिनींवरही जळायला लागले. बाई शेजारून चालल्या आहेत आणि मला काहीबाही विचारताहेत, एवढंच मला हवं होतं. पण मी काही अडत नव्हते, रडत नव्हते, मग मला घ्यायला कोण येणार? एकदा तरी या बाईने माझ्यासाठी खाली यावं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

म्हणून सिंहगडाच्या घाटात मी एका वळणावर उतरले आणि पुढच्या चाकातली हवा सोडली. चक्क सोडली. कठड्यावर बसून राहिले. एकेक बाई विचारून पुढे गेली, "येतेच मी" म्हणून मी सगळ्यांना वाटेला लावलं. शेवटी शेखवहिनीही हात हलवून गेल्या. मग वरून बाई आल्या. चाक दाबून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हॉल्व्हचं टोपण मुठीत घेऊन पंक्चर झालेली बाई मी पहिल्यांदा बघतेय."

टोपण खरंच माझ्या मुठीत होतं. बाईंनी पंप काढला, हवा भरली, टोपण माझ्याकडून मागून घेऊन लावलं. मला वाटलं, आता तरी शेजारून चालतील. "चला, शेखवहिनी वर वाट बघत असतील," म्हणाल्या आणि सुटल्या. पुन्हा मी आणि तो टवका उडालेला रिफ्लेक्टर. वर शेखवहिनी दह्याचं मडकं संपवून बसल्या होत्या. मास्तरणीच्या आधी घाट चढले, हे त्यांनी कसब्यातल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगितलं असणार.

मग गेल्या हिवाळ्यात बाईंच्या छातीत दुखलं. स्टेंट टाकला. डॉक्टरांनी सायकल बंद केली आणि नागपूरच्या मुलीने इथला फ्लॅट आवरायला घेतला. बाईंनी लेकीला एवढंच सांगितलं, "एकदा भाजे करते आणि येते." त्या रविवारी आम्ही सायकली टेम्पोत टाकून भाज्याच्या पायथ्याशी मळवलीला नेल्या. बाईंचीही नेली, कारण ती नेली नाही तर त्या टेम्पोत बसायलाच तयार नव्हत्या. ठरलं असं, की बाई लेण्यात थांबतील आणि आम्ही वर लोहगडाच्या खिंडीपर्यंत जाऊन परत येऊ.

त्या दिवशी घाटात माझ्यापुढे कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तो रस्ता नीट दिसला. दोन्ही बाजूंची झाडी, एकीकडे विसापूरचा कडा, दुसरीकडे लोहगड. खिंडीत मी पहिली पोचले. याच्यासाठी किती रविवार रक्त आटवलं होतं. आणि सांगते, काही म्हणजे काही वाटलं नाही. वरून कोणी येत नव्हतं, "आलंच" म्हणत नव्हतं. मी पाय टेकलाच नाही. सायकल वळवली आणि खाली निघाले.

शेखवहिनी नेहमीसारख्या जाळीपाशी उभ्या, आता ऐन थंडीत तिथे काय मिळणार होतं कोण जाणे. त्यांच्या बाजूने जाताना माझ्या तोंडून निघालं, "आलंच, वहिनी." निघाल्यावर मी जीभ चावली. त्यांच्यासाठी थांबणार होते, पण तेवढ्यात खालच्या वळणावर मामलेदारबाई दिसल्या. सायकल हातात धरून, सावकाश चालत वर येत होत्या.

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" मी ओरडलेच.

"सायकल चालवू नका म्हणाले. चालतेच आहे मी."

मी उतरले आणि त्यांच्या शेजारून चालायला लागले. मग मी मनातलं बोलून टाकलं, आता लपवून तरी काय करायचं होतं. "तुम्ही सगळ्यांना घ्यायला गेलात. मला घ्यायला कधी आला नाहीत."

"तुम्हाला घ्यायला कशी येऊ? तुमच्यापासून तर पळत होते."

मी थांबले. त्या चालत राहिल्या, म्हणून मलाही चालावं लागलं.

"तुमच्या चेनची ती करकर मागून ऐकू आली ना, की मी आणखी जोर लावायचे," बाई म्हणाल्या. "वाटायचं, गाठलंच आज या मास्तरणीने. बरं झालं, तुम्ही तिला कधी तेल घातलं नाहीत ते. मला अंदाज यायचा."

"मग वर पोचल्यावर लगेच वळायचात कशाला? जरा थांबायचं होतं माझ्यासाठी."

"थांबले असते, तर तुम्हाला माझी धाप दिसली असती. उतारावर श्वास जागेवर यायचा."

"आणि शेखवहिनी?"

"त्या आधी नुसतं निमित्त. पण बोलतात छान. मग सवयच लागली."

इतकी वर्षं मी ज्या बाईच्या मोठ्या मनावर जळत होते, ती बाई माझ्यावर जळत होती. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. जाळीपाशी शेखवहिनीही आमच्यात येऊन मिळाल्या आणि आम्ही तिघी खिंडीकडे चालत राहिलो. बाई मध्येच थांबायच्या, छातीवर हात ठेवायच्या आणि पुन्हा निघायच्या. मी त्यांना सुनेबद्दल विचारलं. त्यांना सून नाही, मग जावयाबद्दल विचारलं. जावई बोलायला बरा निघाला.

खिंडीच्या अलीकडे रस्ता जरा सपाट होतो. तिथे बाईंनी माझ्याकडे पाहिलं, सायकलवर टांग टाकली आणि निघाल्या. मी "अहो बाई, अहो" करत माझ्या सायकलवर बसेपर्यंत त्या पुढे गेलेल्या. मला गाठता आलं असतं. खरंच आलं असतं. पण नेमका तो लाल रिफ्लेक्टर समोर आला आणि मी त्याच्या मागून जात राहिले.

बाई आता नागपुरात असतात. तिकडे चढ नाही, घाट नाही, डॉक्टर खूश आहेत. सोमवारी त्यांचा फोन येतो, वर पहिलं कोण पोचलं ते विचारायला. मी, म्हणून सांगते. मग खाली कोण गेलं? तेही मीच. मागच्या वेळी म्हणाल्या, "इथे बागेत एक बाई आहेत. माझ्या मागून चपला फटफट वाजवत चालतात. त्यांच्यामुळे माझी एक फेरी जास्त होते."

मी फोन ठेवला आणि दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. कोण कुठली ती चपलावाली, तिला काय माहीत आपण कोणाच्या मागे चालतोय.

शेखवहिनी परवा म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमच्या सायकलचा आवाज आता फार येतो. एकदा तेल घाला त्या चेनला." मी नाही म्हटलं. येऊ दे आवाज.