नावाऐवजी

निघोज्याच्या सोजराबाईंनी नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुन्हा म्हणून ते तोंडातून काढलं नाही. पण नुसत्या ‘अहो’वर भागवणं काही त्यांच्या स्वभावात नव्हतं. नवरा उशिरा उठला की ‘उन्हाचे पाहुणे’, हुरड्याला सगळ्यांच्या आधी बसला की ‘कणसांचे वैरी’ आणि बाईसाहेब लाडात असल्या की ‘माझ्या मळ्याची सावली’. गडी प्रत्येक हाकेला ओ द्यायचा, वर मिशीत हसायचा.

आता मळ्याच्या जागी कंपनी उभी आहे आणि नवरा गॅलरीत बसून तिच्या फाटकाकडे बघत असतो. त्याच्या आठवणी पार विरून गेल्या आहेत. बायको कोण, हेही त्याला उमगत नाही. सोजराबाईंनी जुन्या सगळ्या नावांनी हाका मारून पाहिल्या, पण मान काही वळली नाही. त्याने एकदा, फक्त एकदा, हाकेसरशी वळून आपल्याकडे बघावं, यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

सून निशिगंधा निगडीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. एका रविवारी सासूबरोबर गवार निवडता निवडता ती सांगत होती, की हजारेक वर्षांपूर्वीचे इंग्रज कवी समुद्राला सरळ समुद्र म्हणत नसत, देवमाशांची वाट म्हणत. शरीराला म्हणत हाडांचं घर.

“का? त्यांच्यात बी नाव घेत न्हाईत व्हय?” सोजराबाईंनी विचारलं.

निशिगंधा खळखळून हसली. सोजराबाई मात्र गॅलरीकडे बघत राहिल्या. “हाडांचं घर... घर हाय गं अजून. घरधनी कुठं गेलाय, त्येच कळंना.”

निशिगंधाने शेंगा बाजूला सारल्या. “आई, एकदा नाव घेऊन हाक मारून बघा ना.”

“जीभ झडंल माझी!” असं म्हणत म्हणतच त्या उठल्या. डोक्यावर पदर घेऊन गॅलरीच्या दारात उभ्या राहिल्या.

“भैरू!”

म्हातारा गर्रकन वळला. किती दिवसांनी ते डोळे थेट त्यांच्यावर आले, आणि त्यांत चक्क ओळख होती. सोजराबाईंना भडभडून आलं.

“आलो गं आये,” तो म्हणाला. “गुरं बांधतो न् आलो.”

त्या घरात त्याला नुसतं भैरू म्हणणारी एकच बाई होती, आणि तिला जाऊनही आता जमाना झाला होता. निशिगंधाने तोंडावर हात धरला. सोजराबाईंनी पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

“ये बाळा,” त्या म्हणाल्या, “भाकर निवतीय.”