साडूंचे पाय

नम्रतेत माझ्या साडूंना हरवणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात नव्हता, आणि चुकून कुणी निघालाच असता तर त्यांनी त्याला सुखाने जगू दिलं नसतं. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान, मूळचे नगरचे. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत मॅनेजर, राहायला वुडलँड्सला. दर महिन्याला त्यांच्याच फ्लॅटवर आम्हा मोजक्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची उपासना भरे आणि यजमान असूनही साडू बसत दाराशी, चपलांच्या ढिगाला लागून. एकदा नव्याने आलेल्या पाहुण्याने नकळत ती जागा घेतली. साडूंचं संदेशात लक्ष लागेना. शेवटी ते उठले आणि दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बसले. शेजारच्या चिनी आजींना वाटलं, बायकोने घराबाहेर काढलं. त्यांनी मायेने एक संत्रं आणून हातात ठेवलं. त्याच्या फोडी साडूंनी आम्हालाच वाटल्या, हे वेगळं सांगायला नको.

एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ते धडधाकट कॉलेजकुमारांना उठून जागा देत आणि ती पोरं ओशाळून पुढच्या स्टेशनवर उतरून जात. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, रांगेत मागच्याला पुढे, त्याच्या मागच्याला पुढे असं करता करता मासे संपत आणि त्यांच्या नम्रतेपायी आम्ही सगळे कोरडा भात गिळत असू. त्यांची प्रार्थना 'प्रभू, मी मातीचा कण' अशी सुरू होई, आणि आपण किती लहान आहोत हे सांगून होईपर्यंत टेबलावरचं जेवण गार होई. एकदा 'मी नालायक आहे' असं त्यांनी म्हणताच एका गृहस्थांनी मनापासून मान डोलावली. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात असा आपला समज. पण साडूंना ते दिसलं. त्या गृहस्थांशी ते पुढचे दोन महिने बोलले नाहीत.

असं असलं तरी माणूस सोन्यासारखा. कुणी आजारी पडलं की लांब बुकित बातोकला आमच्याकडेसुद्धा, डबा घेऊन हजर. घेणं मात्र त्यांना जमत नसे. त्यांचं स्वतःचं दुखणं ते बरे झाल्यावरच आमच्या कानावर यायचं. त्यांना मधुमेह होता. एका वर्षी ते लंगडायला लागले. विचारलं की म्हणत, बूट नवीन आहेत. ताई, म्हणजे माझी मेहुणी, पार धास्तावली होती. याच आजारात आमच्या सासऱ्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता, आणि हे गृहस्थ रात्री मोजे घालून झोपत होते, तिलाही पाय बघू देत नव्हते. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणत, माझ्यासाठी कुणाला कशाला त्रास.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात एकमेकांचे पाय धुण्याची प्रथा होती. प्रभूने शिष्यांचे धुतले, त्याची आठवण म्हणून. साडू परात आणि टॉवेल घेऊन सगळ्यांचे पाय एकटेच धुवून काढत. त्यांच्या पायांची वेळ आली की ते चहा टाकायला आत पळत. त्या वर्षी शेवटचे पाय माझे होते. ते धुतले आणि साडूंची कंबर तिथेच धरली. मी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं, तोच माझी बायको परात ओढून त्यांच्यासमोर बसली.

"भाऊजी, आता तुमचे," ती म्हणाली.

"माझे नकोत. मी त्या लायकीचा नाही."

त्यावर त्यांची सिंगापुरातच वाढलेली लेक तिथल्या मोडक्या इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "पप्पा, यू ऑलवेज वॉश, नेव्हर लेट पीपल वॉश यू. दॅट वन नॉट हंबल. दॅट वन प्राउड लाह."

साडूंनी लेकीकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि स्वतःच वाकून मोजा काढायला लागले. कंबरेमुळे जमेना, तेव्हा हात मागे घेऊन बसून राहिले. बायकोने हलकेच मोजा उतरवला. करंगळी काळी पडली होती.

अर्ध्या तासात आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. पुढचे दोन दिवस ताईने कसे काढले ते तिचं तिला माहीत. ईस्टरच्या सकाळी डॉक्टर म्हणाले, करंगळी काढावी लागली, पाय वाचला. पण आणखी उशीर परवडला नसता. ताई तिथेच भिंतीला टेकून रडली. मलाही इतकं हायसं वाटलं की मी एका अनोळखी वॉर्डबॉयला मिठी मारली.

पुढच्या उपासनेला आम्ही साडूंना सोफ्यावर मधोमध बसवलं, पाय उशीवर. ते अवघडून गेले होते. प्रार्थनेची पाळी त्यांच्यावर आली तेव्हा आम्ही सवयीने सैलावून बसलो. मग ते म्हणाले, "माझ्यासाठी प्रार्थना करा. मला फार भीती वाटली होती." बस, एवढंच. सगळ्यांचं जेवण त्या दिवशी गरम होतं.

आता ते आणि ताई नगरला परतलेत, लेक इथेच आहे. अधूनमधून फोन येतो; कधी साखर वाढलेली असते, कधी लेकीची आठवण. प्रत्येक वेळी ते काहीतरी मागतात, आणि मागताना अजूनही थोडे अडखळतात. इतकी वर्षं मी त्यांना नुसता मान देत आलो होतो. हल्ली त्यांचा फोन ठेवला की ते इथे नाहीत हे जाणवतं, आणि मला वुडलँड्सला जावंसं वाटत नाही.