फोटोतलं ताट

राजेंद्र नगरच्या आमच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर एक फोटो आहे. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाटावर बसलेली माझी बायको आणि समोर डोहाळजेवणाचं भरगच्च ताट: करंज्या, नारळीभात, पुरणपोळी, तुपाची वाटी. पाहुणे आले की मी तो कौतुकानं दाखवायचो. आमच्याकडे सुनेचे किती लाड होतात, याचा पुरावाच होता तो. त्या ताटाचं पुढे काय झालं, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ते ताट माझ्या आईनं उचललं. फोटोग्राफरनं सामान आवरलं, बायकोनं एक करंजी मोडून तोंडात टाकली, तेवढ्यात. "आत जागा ती केवढी! अन्नानंच भरली तर मूल कुठे राहणार?" असं आईचं शास्त्र होतं. तिची सख्खी बहीण बाळंतपणात अडून गेली होती. मूल फार मोठं होतं म्हणे. तेव्हापासून मोठ्या मुलाची तिला धास्ती. ताट उचलताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

आईकडे निदान भीती तरी होती. माझ्याकडे बायकोच्या बारीक असण्याचा अभिमान होता. लग्नातच ती काडीसारखी होती आणि महूच्या ऑफिसातले मित्र म्हणायचे, "भिया, भाभी तो एकदम हिरोइन है!" मूलही होईल आणि कंबरही राहील, असा माझा हिशोब. सकाळी महूची बस पकडण्याआधी मी पोहे-जलेबी खायचो, वर शेव मागून घ्यायचो, आणि सुनेला अर्ध्या पोळीवर ठेवण्यात आईचा अनुभव कसा दिसतो, हे जलेबी चावत स्वतःला पटवायचो.

मुलगी झाली. दोन किलोसुद्धा भरली नाही. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. "बाळंतपण कसं सुटसुटीत झालं!" म्हणून आई खूश. मी सगळ्यांना सांगून टाकलं, "आमच्या घराण्यात मुलं लहानच जन्मतात." मी स्वतः चांगला गुटगुटीत जन्मलो होतो आणि आई ते दर वाढदिवसाला ऐकवायची, एवढं मात्र सोयीनं विसरलो.

आता तीच मुलगी गरोदर आहे, माहेरी आली आहे. परवा डॉक्टरबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. वजन आधीच कमी आणि पाच महिन्यांत म्हणावं तसं वाढलेलंही नाही. होणाऱ्या आईचं आधीचं वजन आणि या महिन्यांतली वाढ, दोन्हींचा बाळाच्या वजनावर परिणाम होतो, असं त्या म्हणाल्या. फार वाढणंही बरं नाही, पण ती काळजी तुम्ही सध्या करू नका, हेही म्हणाल्या.

घरी आल्यावर मुलीनं पोह्यांची बशी अर्धी खाऊन सरकवली. "बस हो गया, आई. मॅडम फालतूचं टेन्शन देतात. अपने यहाँ तो सगळे लहानच जन्मतात. बाबा सांगतात ना नेहमी?"

मायलेकी दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. पुन्हा एकदा फक्त मान हलवायची होती. सवयीचं काम.

या वेळी मी तोंड उघडलं. ताट, करंजी, जलेबी, सगळं सांगितलं. "घराणं वगैरे काही नाही गं. डॉक्टरबाई आणखी कारणं सांगतील, पण मला माहीत असलेलं हे आहे. तुझ्या आईला आम्ही पोटभर खाऊ दिलं नाही."

मुलगी म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःला खानदानी समजत होते?" आणि बशी पुढे ओढली.

बायको शेवेचा डबा घेऊन आली. "तुम्ही मान हलवलेली मी तेव्हाच पाहिली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

डोहाळजेवण सातव्या महिन्यात आहे. बायकोनं माझी जागा आत्ताच ठरवली आहे: ताटाच्या शेजारी, खुर्चीवर. फोटो झाल्यावरही उठायचं नाही. आणि मुलीचं खाऊन होण्याआधी ताटाला कोणी हात लावला, तर मान हलवायची. आडवी.