तीन चाव्या आणि ठमाकाकी

गिरणीचं बटण दाबण्याआधी ठमाकाकी दारात यायची आणि समोरच्या डीपीकडे कान लावून उभी राहायची. वायरमन म्हणून माझी उमर गेली, पण डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर किती भार आहे ते मी मीटर लावून बघतो. काकी नुसती घुरघुर ऐकायची. "आज दमलीय गो," असं दळणाला आलेल्या बायांना सांगून ती खुशाल अर्धा तास गिरण बंद ठेवायची.

खर्डीच्या पुढे काकीच्या पाड्यावर मी पहिल्यांदा गेलो तो जळालेली डीपी बघायला. भात निघाल्यावर सगळ्यांनी भेंडी लावलेली आणि सकाळी सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू. नवी डीपी येईपर्यंत भेंडी करपून गेली. लोक माझ्यावरच तुटून पडले. एका वेळी तीनच्या वर मोटारी झेपत नाहीत, हे मी घसा सुकेस्तोवर सांगत होतो. ऐकलं फक्त काकीनं.

"म्हंजे भाताच्या लावणीला सगळ्यांनी एकाच दिवशी माणसं मागितली, तसं झालं ना रे?"

मी मान हलवली.

"मग लावणीला आमी काय करतो? आज तुज्यात, उद्या माज्यात. उसनी माणसं देतो-घेतो. लाइट पन तशीच उसनी देऊ."

मला हसू आलं होतं. पण नवी डीपी बसली त्या दिवशी काकीनं प्रत्येकाच्या मोटारीच्या पेटीला कुलूप लावायला लावलं आणि चाव्या गिरणीच्या भिंतीवर खिळ्यांना टांगल्या. एका वेळी तीनच चाव्या बाहेर. त्यात गिरणीचीही धरायची. सकाळचा नंबर सगळ्यांना हवा, दुपारच्या उन्हात कोणी राजी नाही. म्हणून सकाळचा एक सोडला की दुपारचे दोन मिळायचे. कोणाच्या घरी हळद, कोणाला शहापूरला जायचंय, लोक गिरणीच्या ओट्यावर बसून आपसांत नंबर बदलायचे. आमच्या ऑफिसात एवढ्यासाठी चार बैठका झाल्या असत्या. संध्याकाळी घरोघरी दिवे-पंखे लागतात, म्हणून तेव्हा मोटारी बंद आणि गिरणही बंद. काकीची कितीतरी गिऱ्हाइकं त्यामुळे खर्डीच्या गिरणीकडे वळली. मी हळहळलो तर म्हणाली, "जाऊ दे रे. डीपी राहिली तर गिरण राहील."

पाड्यावरच्या दत्तूनं मात्र शहापुरात जाऊन गुपचूप आपल्या पेटीची दुसरी चावी करून आणली. एका सकाळी दळता दळता काकीनं कान टवकारले आणि अर्धं दळण तसंच ठेवून गिरण बंद केली. "चौथी चालू हाय. म्हून मी माजी बंद केली." ना शिवी, ना आरडाओरडा. रांगेत दत्तूची बायकोही डबा घेऊन उभी होती. ती तडक शेतावर गेली. संध्याकाळी दत्तू खाली मान घालून दुसरी चावी देऊन गेला.

"माजा सकाळचा एक नंबर तुज्याकडं उसना राहिला हां," काकी एवढंच म्हणाली. "लागंल तवा मागीन."

तिनं तो कधीच मागितला नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकी अचानक गेली. भेंडी ऐन भरात होती आणि सगळ्यांचे नंबर होते काकीच्या डोक्यात. सांगायला लाज वाटते, पण बातमी कळल्यावर रडू येण्याआधी मला त्या डीपीची धास्ती वाटली. आता जो तो मोटार लावणार, पुन्हा सगळं करपणार.

तिसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. घरात पाहुणे होते आणि पीठ संपलं होतं. काकीच्या सुनेनं गिरण उघडली, पण तीन चाव्या आधीच बाहेर गेलेल्या. ती डबा घेऊन तशीच उभी राहिली. तेवढ्यात दत्तू शेतावरून आला. त्यानं आपली चावी खिळ्याला अडकवली.

"नंबर माजा होता. पन काकीचा एक उसना हाय. तू दळून घे."

दत्तू बाहेर ओट्यावर जाऊन बसला. भेंडीचं पाणी अर्ध्यावर सोडून आला होता.

सून बटणापाशी गेली आणि थबकली. तिनं दाराकडे पाहिलं.

"लाव गो," दत्तू बाहेरून म्हणाला. "मी ऐकतोय."