पाहुणीचे बूट

थंडीतल्या लग्नाला पायात काय घालून जावं, हे आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकं अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणाला कळत नाही, आणि त्या ज्ञानापायी त्यांचं जितकं नुकसान झालं तितकंही कुणाचं झालं नसेल. पत्रिका हातात पडली की लोक मुहूर्त बघतात. जाऊबाई विचारतात, "मांडव कशात हाय? रानात का कार्यालयात?" रानात म्हटलं की लगेच पुढचं, "कापूस उपटलेल्या रानात का उसाच्या कडंला?" कापसाच्या रानात पऱ्हाटीची खुंटं राहिलेली असतात, ती पातळ चपलेतून तळव्यात शिरतात. उसाच्या कडेला पाणी दिलेलं असलं तर काळी माती चप्पल धरून ठेवते, माणूस पुढं जातं आणि चप्पल मागं राहते. माघातली लग्नं सुरू झाली की आमच्या गल्लीतल्या बायका साडी आपल्या मनानं नेसतात, पण पायातलं जाऊबाईंना विचारून घालतात.

नवी चप्पल लग्नाला घालायची नाही, हा त्यांचा पहिला कायदा. "नवी चप्पल घातलेली बाई लग्न बघत न्हाई, मांडवाबाहीर बघती," असं त्या म्हणतात. फार जुनीही नको, कारण यजमानाला वाटतं, आपल्या दारी यायचं म्हणून हिनं अडगळीतली काढली. टाचेच्या सँडलचं नाव काढलं की त्या शेजारणीच्या पुण्याहून आलेल्या सुनेची गोष्ट सांगतात. ती नवरीला भेटायला म्हणून रानातून निघाली आणि मधेच खुंटासारखी रोवली गेली. दोन करवल्यांनी तिला उपटून काढलं. मोज्यांबद्दल मात्र त्या हल्ली जपून बोलतात. गारठा लागतो म्हणून त्यांनी एकीला चपलेत मोजे घालायला लावले, तर रानातली सगळी कुसळं मोज्यांना चिकटली आणि ती बाई पंगतीत बसेपर्यंत पायांनी झाडलोट करत आली.

मला त्या प्रत्येक लग्नाला बरोबर नेतात. माझ्या बोलण्याची त्यांना काही मदत होते असं नाही, चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण माझी नजर सारखी खाली असते आणि खाली पायच असतात. घरी आलं की त्या पलंगावर टेकतात आणि म्हणतात, "हं, सांग धाकले. नवरदेवाच्या आत्याच्या पायात काय व्हतं?" मी सांगते. त्यावरून त्या त्या घराची सगळी परिस्थिती ओळखतात. ती बहुतेक चुकीची असते.

पण त्यांची खरी विद्या म्हणजे चपला काढण्याची. मंगलाष्टकं सुरू झाली की आपल्याकडं सगळे चपला काढून अक्षता टाकतात आणि जाऊबाईंच्या मते सगळी चोरी तेवढ्या वेळात होते. म्हणून त्या एक चप्पल बायकांच्या बाजूला काढतात आणि दुसरी पार दुसऱ्या टोकाला, आचाऱ्याच्या चुलीकडं नाहीतर पाण्याच्या टाकीमागं. "जोड असली तर न्हेतील ना!" या युक्तीत एकच खोट आहे. दुसरी कुठं काढली ते लक्षात ठेवावं लागतं.

ते एकदा राहिलं नाही, आणि नेमकं माहेरी राहिलं नाही. त्यांचं माहेर चकलांब्याकडचं. धाकट्या भावाच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. माहेरी कोण चोरतंय, म्हणून जाऊबाईंनी स्वतःचा कायदा मोडून नवी कोरी चप्पल घातली, आणि माहेर असलं तरी सवय म्हणून ती दोन ठिकाणी काढली. अक्षता झाल्या, जेवणं झाली, एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. फ्रॉकातली भाची बॅटरी घेऊन सगळ्या मांडवात वाकून वाकून शोधत होती. जाऊबाईंनी मात्र शोध लावूनच टाकला होता. त्या भावजयीच्या आईसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकच न्हेली म्हंजी वापराया न्हाई न्हेली. मला खिजवाया न्हेली." त्या म्हाताऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. भावजय म्हणाली, "वन्सं, माझ्या आईला तुमची एक चप्पल काय करायची?" भाऊ मधे पडला, तो बायकोच्या बाजूनं पडला. जाऊबाई एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशा जीपमध्ये येऊन बसल्या. त्यानंतर किती भाऊबीजा आल्या आणि गेल्या. भावाचं नाव घरात निघालं की त्या उठून चुलीतला जाळ सारखा करायच्या, चूल पेटलेली नसली तरी.

मग या माघात भाऊ स्वतः पत्रिका घेऊन आला. बॅटरी घेऊन वाकलेल्या त्या भाचीचं लग्न ठरलं होतं. तो बाहेर चपला काढून आत आला, खाली मान घालून बसला. म्हणाला, "आक्का, तू आत्या हायस तिची. हळदीच्या आदल्या दिशीच ये." जाऊबाई म्हणाल्या, "येते. पर पाहुनी म्हनून येते. अक्षता टाकते, जेवते, निघते." त्यानं चहा अर्धाच घेतला. तो गेल्यावर जाऊबाई कितीतरी वेळ दारात उभ्या होत्या. मला वाटलं, भावाची पाठ बघतायत. तर म्हणाल्या, "त्याच्या चपलेचा अंगठा तुटलाय. तारेनं बांधलाय. लेकीचं लगीन हाय आन ह्याच्या पायात हे."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. घरच्या माणसाच्या चपला ओट्यावर निघतात आणि पाहुण्याच्या मांडवाबाहेर, म्हणून जाऊबाईंना पाहुण्याला शोभेल असं काहीतरी हवं होतं. काढायला सोपं पाहिजे, कारण अक्षता टाकून निघायचं होतं. घालायला त्याहून सोपं, कारण कुणी "थांबा" म्हणायच्या आत निघायचं होतं. पण अंबाजोगाईच्या डॉक्टरनं त्यांना वातामुळं पायाला गारठा लागू देऊ नका म्हणून बजावलेलं. स्लीपर घातली तर पाय गारठतो, बूट घातला तर पळता येत नाही. गेवराईच्या दुकानात त्यांनी दुकानदाराला इतकं काढायला आणि घालायला लावलं की शेवटी तो म्हणाला, "मावशी, लग्नाला चाललाव का लढाईला?" जाऊबाई म्हणाल्या, "तुला काय करायचंय?" आणि काहीच न घेता आल्या. अखेर भाऊजींचे, म्हणजे जाऊबाईंच्या मालकांचे, कापडी बूट ठरले, आत लोकरीचे मोजे. हिरव्या काठापदराच्या साडीखाली ते बूट असे दिसत होते, जणू साडीत कुणी हवालदार लपला आहे. निघताना मी आहेराची पिशवी उचलली तर ती जड लागली. साडीखाली कॅरीबॅगेत गुंडाळलेली ती एक चप्पल होती. "पुरावा हाय," त्या म्हणाल्या. "कुनी इषय काढला तर असू द्यावा."

सूर्य कलला तसा गारठा असा पडला की वाजंत्रीवालेही शेकोटीभोवती बसून वाजवत होते. भाऊ मांडवभर अनवाणीच धावत होता. जाऊबाई एकदम कडेला, नवरदेवाकडच्या पाहुण्यांच्याही मागं जाऊन बसल्या. कुणी "आत्याबाई, पुढं या" म्हटलं की त्या इकडंतिकडं बघायच्या, जणू आत्याबाई दुसरीच कुणी आहे. मग अक्षता वाटल्या, भटजींनी माइकवर घसा साफ केला, सगळ्यांनी चपला काढल्या. जाऊबाई बुटाची नाडी सोडायला वाकल्या आणि गाठ बसली. थंडीनं बोटं वाकडी झालेली, त्या ओढतील तितकी गाठ घट्ट. पहिलं मंगलाष्टक संपलं. बूट घालून अक्षता टाकणाऱ्यांना त्यांनी जन्मभर बोल लावले होते, आता सगळ्या अनवाणी मांडवात बूट घातलेल्या त्या एकट्याच. मुठीत तांदूळ धरून त्या बाजूला सरकल्या, आणखी सरकल्या, आणि सरकत सरकत घराच्या ओट्यापाशी आल्या. मी मागं होतेच.

नवरीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात. भावजय ओट्यावर तुळशीजवळ एकटीच बसली होती, पदर तोंडाला लावून. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मला वाटलं, आता पुरावा निघतो.

"बसा वन्सं," भावजय म्हणाली.

"बसाया न्हाई आले. गाठ बसलीय."

भावजय खाली उतरली, जाऊबाईंना ओट्याच्या कडेला टेकवून मातीत बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. लाउडस्पीकरवर "सावधान" चाललेलं आणि ही दातांनी नाडी सोडतेय. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, नवरीची आई तू, माझ्या पायाला कावून हात लावती? ऊठ." ती म्हणाली, "गप बसा. लेकीला आत्याच्या अक्षता पडल्या न्हाईत तर जन्मभर बोलाल मला." बूट निघाले ते तिथंच, ओट्यावर. जाऊबाई मोज्यांसकट मांडवात पळाल्या आणि शेवटच्या मंगलाष्टकाला अक्षता टाकल्या. त्या नवरीपर्यंत पोचल्या नाहीत, एका म्हाताऱ्याच्या फेट्यात पडल्या, पण टाकल्या.

परत आल्या तेव्हा भावजय आतून काहीतरी घेऊन आली. दुसरी चप्पल. त्या लग्नानंतर पऱ्हाट्यांचा ढीग जाळायला उपसला, तेव्हा चुलीमागं सापडली म्हणे. "मग धाडली कावून न्हाई?" जाऊबाई कडाडल्या. "धाडली असती तर म्हनला असता, चोरली व्हती म्हनून धाडली." आणि जाऊबाई नक्की तेच म्हणाल्या असत्या. त्यांनी पिशवीत हात घातला आणि पुरावा बाहेर काढला.

त्या जेवल्या, आणि पाहुणी म्हणून नाही, पंगतीत वाढायला लागल्या. पाठवणी होईपर्यंत थांबल्या. निघताना मी त्यांचे बूट शोधायला लागले, तर म्हणाल्या, "चल, ऱ्हाऊ दे." त्यांच्या पायात ती जुनी नवी जोडी होती. वातानं सुजलेले पाय त्यात अर्धेच गेले होते. जीपमधून मी मागं पाहिलं. भाऊ मंडपवाल्याशी बोलत उभा होता. नजर खाली ठेवायची सवय, म्हणून दिसलं. दिवसभर अनवाणी फिरलेल्या त्याच्या पायांत भाऊजींचे कापडी बूट होते, आत लोकरीचे मोजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंचे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात होते. बोटांना फोड आले होते. भाऊजी बूट कुठं गेले म्हणून घरभर फिरत होते. "चपला चावल्या का हो, बाई?" मी विचारलं.

"चावतीलच की," त्या पाण्याकडं बघत म्हणाल्या. "येवढी वर्षं घातल्या असत्या तर सैल झाल्या असत्या गं."