आवाज केला का देनं लागते

बादली उलटी घालायची, डुकरांकडे पाठ करून तिच्यावर बसायचं आणि कंबरेची सुपारीची चंची सोडायची. मावशींच्या कामाची सुरुवात अशी व्हायची. कुणी विचारलं, "मावशी, काय करून राह्यल्या?" तर उत्तर ठरलेलं. "काई नाई. बसून राह्यली."

आणि या बसण्याचा त्यांना पगार होता, हे मला फार दिवस पचलं नाही.

आमचं संशोधन केंद्र वाशीमच्या जरा बाहेर, तुरीच्या वावरांना लागून. भाजलेल्या जखमेवर लावायच्या मलमाची तिथे डुकरांवर चाचणी चालते, कारण डुकराची कातडी माणसाच्या कातडीला जवळची. मी तिथे टेक्निशियन. बी.एस्सी. झालेला, आमच्या घराण्यातला पहिलाच. हे मी कुणालाही सांगतो, आणि पहिल्याच दिवशी मावशींनाही सांगितलं. तेव्हापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं. "ओ ग्रॅज्युएट, थो खराटा दे इकडं."

माझे वडील गावात "पोरगा लॅबमध्ये आहे" एवढंच सांगायचे. लॅबमध्ये माझ्यासोबत कोण आहे ते सांगायचे नाहीत. डुकरांची देखभाल करायला ठेवलेल्या मावशी अनसिंगहून जीपने यायच्या. त्यांच्या सुनेची समजूत होती की सासू दवाखान्यात झाडझूड करते. रोज घरी जाण्याआधी मावशी साबणाने तीनदा हात धुवायच्या आणि म्हणायच्या, "दवाखान्याचा वास आला पायजे."

मी रुजू झालो तेव्हा रक्ताचा नमुना घ्यायची रीत अशी होती: डुकराच्या वरच्या जबड्यात दोरीचा फास अडकवायचा, एकाने ओढून धरायचं, दुसऱ्याने कानाच्या शिरेत सुई घालायची. डुकराची किंकाळी ज्यांनी ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्यावरची एसटी हळू व्हायची आणि खिडक्यांतून डोकी बाहेर यायची. फास टाकण्यात माझा हात चांगला बसला होता, आणि खरं सांगतो, त्याचाही मला अभिमान होता. पण भ्यालेल्या जनावराच्या रक्तातले आकडे एकदा आभाळाला, एकदा जमिनीला. केंद्राचे प्रमुख असलेले सर वैतागले आणि त्यांनी बाहेरून जनावरांच्या एका डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवून दिवसभर शिकवलं. आधी जनावराला माणसाची सवय करा. मग हवं ते त्याने आपणहून केलं की लगेच एक ठराविक आवाज करा आणि खाऊ द्या. मी बारा पानं उतरवून घेतली. मावशी मागच्या खुर्चीवर चक्क झोपल्या होत्या. डॉक्टर जाताना टिक् असा आवाज करणारी प्लास्टिकची एक डबी देऊन गेले. ती दुसऱ्याच दिवशी एका डुकराने चावून टाकली.

"आता आवाज कशानं करायचा?" मी हादरलो. माझ्या बारा पानांत डबी फुटल्यावर काय करायचं ते नव्हतं.

मावशींनी चंचीतून अडकित्ता काढला आणि रिकामाच मिटला. कट्.

"हा काय आवाज नाई?"

डुकरांना हे शिकवायला सरांनी दोन महिने दिले. त्यानंतर तपासणीला समिती येणार होती. डुकरं समितीसमोर दोरीशिवाय उभी राहिली तर ठीक, नाही तर दोरी कायमची, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मावशींनी पहिला आठवडा नुसता बसण्यात घालवला. मी रोज कुंपणाबाहेरून घड्याळ दाखवायचो. त्या म्हणायच्या, "घाई कायले? नवी सून घरात आली त तुमी पयल्या दिवशी तिचे कान धरता काय?" दुसऱ्या आठवड्यात डुकरं मागून येऊन त्यांचा पदर हुंगू लागली. मग पायाशी शेंगदाणे. मग अडकित्ता वाजला की शेंगदाणा. मग वजनकाट्यावर पाय ठेवला तरच अडकित्ता. मग कानाला गवताची काडी लावायची, डुक्कर हललं नाही तर कट् आणि दाणा. काडीनंतर बोथट सुई, आणि अगदी शेवटी खरी.

एखादं मधूनच निघून गेलं तर मी धावायचो. मावशी हात आडवा घालायच्या. "जाऊ दे. त्याले जाता येते हे त्याले समजलं पायजे. मंग थो येते."

डुकरांना आमच्या वहीत नंबर होते. मावशींनी नावं ठेवली. सगळ्यांच्या आधी येऊन मधोमध बसायचा तो सरपंच. दाणा मिळेपर्यंत जागचा हलत नसे तो तलाठी. आणि बोलावल्यावर मान फिरवून उभा राहायचा, सगळ्यांचं झाल्यावर उपकार केल्यासारखा यायचा, तो जावई. डबी त्यानेच खाल्ली होती.

एकदा मी गंमत म्हणून अडकित्ता वाजवला आणि दाणा दिलाच नाही. मावशींनी माझा हात धरून ठेवला. कधी नव्हे त्या रागावल्या होत्या. "आवाज केला का देनं लागते. ते बिचारे तुह्या आवाजावर आले ना? तुही डिग्री त्यायनं नाई पाह्यली." मी मुकाट्याने दाणे वाटले.

चाचणी संपल्यावर ही डुकरं राहणार नाहीत, हे मावशींना माहीत होतं. तो विषय त्यांनी एकदाच काढला. "हायेत तोवर त भेव नको त्यायले." एवढं बोलून त्या काटा धुवायला गेल्या.

समिती आली. दोन माणसं आणि एक मॅडम. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि बादलीही घासली होती. मी सुई घेऊन तयार. जावई, त्या दिवशी नेमका समजूतदार, काट्यावर चढून उभा राहिला. मी त्याच्या कानाला हात लावला, आणि इकडे मॅडमनी लिहायला म्हणून बॉलपेनचं बटन दाबलं. टिक्.

जावई काट्यावरून उतरला. सरपंच उठला, तलाठी उठला. तिघं मॅडमसमोर ओळीने बसले आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहू लागले. मॅडमनी घाबरून पुन्हा बटन दाबलं. कोपऱ्यातली उरलेली दोनही आली.

सरांचा चेहरा उतरला. ते माझ्या कानाशी लागले. "दोरी आण."

मी निघालोही होतो. तेवढ्यात मावशी बादलीवरून उठल्या. "थांबा सायेब. त्यायचं काई चुकलं नाई. आवाज बाईनं केला." मग त्यांनी मूठभर शेंगदाणे मॅडमच्या हातावर ठेवले. "घ्या बाई. आता तुमाले देनं लागते. दोनदा केला, दोनदा द्या."

सर भिंतीकडे पाहू लागले. मॅडमनी वाकून पाचही डुकरांना दोनदोनदा दाणे दिले, आणि पेन पर्समध्ये टाकून सरांकडे पेन्सिल मागितली.

मावशींनी काट्यावर थाप मारली. जावयाने मान फिरवली. आम्ही सगळे, समितीसुद्धा, त्याच्या मर्जीची वाट पाहत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने तो आला, चढला, कान माझ्याकडे करून उभा राहिला. सुई गेली तरी कान हलला नाही. नळी भरली. कट्. दाणा. रस्त्यावरून एसटी गेली, नेहमीच्या वेगाने.

मॅडमनी पेन्सिलीने काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पण त्या दिवसापासून दोरीवर आमचे पांढरे कोट वाळतात.

पुढे महिनाभरातच मावशींचे गुडघे बसायलाही नाही म्हणू लागले आणि त्यांनी काम सोडलं. अडकित्ता माझ्याकडे दिला नाही. "सुपारी काय तुह्या डिग्रीनं कातरू?" म्हणाल्या. बाजारातून मी दुसरा आणला. डुकरं माझ्याकडेही येतात, पण आधी माझ्या मागे बघतात.

परवा डुकरांच्या कुंपणात बादलीवर बसून मी मावशींना फोन लावला. हात घाणीचे, म्हणून फोन स्पीकरवर मांडीवर ठेवला. गुडघ्यांचं विचारलं, सुनेचं विचारलं. बोलता बोलता तिकडे त्यांनी सुपारी कातरली. कट्.

पाचही डुकरं माझ्याभोवती येऊन बसली. सगळ्यांत पुढे जावई, नाक फोनला लावून.

"काहून रे, गप काहून झाला?" मावशी म्हणाल्या.

मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मंग बसला काहून, ग्रॅज्युएट? दे ना त्यायले. आवाज मी केला."